मदत हवी आहे – बरी झाले, पण आनंद टिकवायचा कसा?
नमस्कार मंडळी, दोन वर्षं डिप्रेशनमध्ये काढली, आता खरंच बरं वाटतंय. झोप लागते, भूक लागते, रंकाळ्यावर एक फेरी पूर्ण होते. परवा संध्याकाळी आईला घेऊन गंगावेशीतल्या दूध कट्ट्यावर गेले, समोरच म्हैस पिळून ग्लास हातात दिला, वर फेस, ग्लास कोमट, आणि एकदम लई भारी वाटलं, आई माझ्याकडंच बघत होती. पण घरी येईपर्यंत मनात सुरू, हे किती दिवस टिकणार, परत तसंच झालं तर?

डॉक्टरांनी सांगितलंय की बरं वाटलं तरी गोळ्या किमान 6 महिने तरी चालू ठेवायच्या, मनानं बंद करायच्या नाहीत, ते मी पाळतेय. 14416 हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा, नंबरही फ्रीजवर चिकटवलाय, तो मोफत आहे, कुणाला लागला तर घ्या. पण गोळीनं आजार आवरतो ओ, आनंदाचं काय करायचं? घरचे म्हणतात आता झालं की, विसर सगळं. मला विसरायचं नाहीये, चांगले दिवस न घाबरता जगायचेत.

तुमच्यापैकी कुणी यातून गेलंय का? चांगल्या दिवशी येणारी ती धास्ती कशी कमी झाली? आणि कोल्हापुरात संध्याकाळचं भजन, चित्रकला असलं काही, जिथं नवीन माणसाला सहज सामावून घेतात, माहीत असेल तर सांगा की. एकटीनं जायला अजून जरा जड जातंय.