42 अंशांत बायकांनी कोणतं रायडिंग जॅकेट घालावं?

प्रश्न: सिडकोतून वाळूज एमआयडीसीत मी रोज बाइकवर जाते. मागच्या मे महिन्यात वाळूवर घसरले, कोपर सोलून निघालं. तेव्हापासून जॅकेट हवंच आहे. पण पुरुषांचं स्मॉल खांद्यात ढगळ, कमरेखाली घट्ट.

उत्तर: ताई, बायकांच्या मापाचं मेश जॅकेटच घ्या, म्हणजे जाळीदार कापडाचं, त्यातून वारा खेळतो. हँडल धरल्यासारखे हात पुढे करून बघा. कोपराचं पॅड सरकलं तर घेऊच नका. पॅडवर ईएन 1621-1 हे धक्का शोषणाऱ्या पॅडचं युरोपीय मानक लिहिलंय का बघा, त्यातलं जास्त संरक्षण देणारं लेव्हल 2 मिळालं तर फारच चांगलं.

उत्तर: धुताना आधी पॅड काढा. साध्या पाण्यात थोडा शाम्पू, पिळायचं नाही, सावलीत वाळवायचं.

प्रश्नकर्ती: आणि अंबाडा?

उत्तर: नको गं, हेल्मेट नीट बसत नाही. मानेपाशी सैल वेणी घाल, जॅकेटच्या आत सोड.