मदत हवी आहे: न्यू जर्सीतल्या बायकांचं मतदान, १७७६ ते १८०७

नमस्कार मंडळी,

आमच्या न्यू जर्सीतल्या मराठी मंडळात महिला दिनाला बोलायचं आहे. विषय इथलाच घेतलाय. अमेरिकेत बायकांना देशभर मताधिकार मिळाला १९२० साली, पण या राज्यात त्या १८०७ पर्यंत मतं देत होत्या! इथे राहणाऱ्या आपल्या किती लोकांना हे ठाऊक असेल?

१७७६ च्या राज्यघटनेत मतदारासाठी अटी होत्या त्या वयाच्या, ५० पौंडांच्या मालमत्तेच्या आणि काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) वर्षभर राहण्याच्या. बाई की पुरुष, गोरा की काळा, याबद्दल अक्षर नाही. लग्न झालेल्या बाईची मालमत्ता कायद्याने नवऱ्याची, त्यामुळे मत द्यायच्या त्या मुख्यतः विधवा आणि अविवाहित बायका.

१८०७ मध्ये एसेक्स काउंटीचं कोर्ट कुठे बांधायचं यावर मतदान झालं. पुरुषांनी बायकांचे कपडे घालून पुन्हा पुन्हा मतं दिल्याच्या तक्रारी झाल्या. त्याच वर्षी कायदा आला आणि मत उरलं फक्त गोऱ्या, करदात्या पुरुषांना. वाचून संताप आला.

अडचण अशी की ‘घटना घाईत लिहिली, बायका चुकून आत आल्या’ असंही म्हणतात. मला हे पटत नाही, पण सभेत कुणी विचारलं तर पुरावा काय देऊ? आणि ॲबिगेल ॲडम्सने नवऱ्याला, म्हणजे पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या जॉन ॲडम्सला, लिहिलेलं पत्र घ्यावं का?

---

ताई, १७९० चा निवडणूक कायदा दाखवा. त्यात मतदाराला ‘तो किंवा ती’ म्हटलंय. तेव्हा सात काउंट्यांपुरतं होतं, १७९७ मध्ये राज्यभर लागू केलं. विधिमंडळ दोनदा तेच लिहितं, मग चूक कसली?

१७९७ ची एलिझाबेथटाउनची निवडणूकही सांगा. फेडरलिस्ट पक्षाने ऐन वेळी बायकांना मतदानाला आणलं आणि विरोधी पक्षाचा उमेदवार जॉन कॉन्डिक्ट जेमतेम निवडून आला. १८०७ चा कायदा रेटणाऱ्यांत तोच पुढे होता. माझ्या मते खरं कारण कोर्टाच्या भानगडीपेक्षा पक्षाच्या राजकारणातच शोधावं.

ॲबिगेलचं पत्र जरूर घ्या, पण ३१ मार्च १७७६ च्या त्या पत्रात ती मत मागत नाही. नवऱ्यांच्या हाती अमर्याद सत्ता देऊ नका, असं सांगते. विवाहित बायका यादीबाहेर का राहिल्या, त्या तुमच्या परिच्छेदाला ते जोडा.

माँटगोमेरी टाउनशिपची १८०१ ची मतदार यादी बायकांच्या नावांसकट सापडली आहे. फिलाडेल्फियाच्या म्युझियम ऑफ द अमेरिकन रेव्होल्यूशनच्या संकेतस्थळावर शोधा. पडद्यावर ती नावंच दाखवा.