मदत हवी आहे : पीटीएसडी (भयंकर आघातानंतर जडणारा मानसिक आजार), नाकारलेली अपंगत्व पेन्शन

धाकटा भाऊ पीटीएसडीमुळे फौजेतून बोर्ड-आऊट (मेडिकल बोर्डाने अनफिट ठरवून सेवेतून बाहेर) होऊन अंबाजोगाईजवळ गावी आलाय. वरातीत फटाके वाजले की आतल्या खोलीला कडी लावून बसतो. मेडिकल बोर्डाने अपंगत्व ४० टक्के धरलं, पण 'नोकरीमुळे झालेलं नाही, नोकरीने वाढलेलंही नाही' असा शेरा मारला, म्हणून पेन्शन नाकारली. भरतीच्या तपासणीत तो पूर्ण फिट होता, नंतर पोस्टिंग काश्मीरात नियंत्रण रेषेवर. मग हे आलं कुठून?

पहिलं अपील मुदतीत केलंय, सहा महिने उलटले तरी उत्तर नाही. सुप्रीम कोर्टाचा धर्मवीर सिंग निकाल (२०१३; भरतीवेळी फिट असलेल्या जवानाला नंतर जडलेला आजार साधारणपणे नोकरीमुळेच धरावा, असं सांगणारा) त्यात जोडलाय. बोर्डाची कागदपत्रं जवळ आहेत. भावाला लांबचा प्रवास, गर्दी सोसत नाही. दुसऱ्या अपिलात न अडकता थेट मुंबईच्या सशस्त्र दल न्यायाधिकरणात अर्ज केला तर चालतो का, आणि तारखांना त्याला स्वतः हजर राहावं लागतं का?