‘मी ठीक आहे’ म्हणणाऱ्यांकडेही लक्ष द्या

अपघातानंतर जो रडत नाही, कुणाला हाक मारत नाही, तो लवकर सावरतो, असं बरेचजण म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही.

माझा धाकटा भाऊ दुचाकीवरून पडला, पाय मोडला. प्लास्टरमध्ये असताना पाण्याचा तांब्यासुद्धा मागायचा नाही, काठीने स्टूल ओढून घ्यायचा. "मी ठीक आहे ताई, तू झोप." सगळे म्हणायचे, किती खंबीर! पण हाड जुळून गेल्यावरही ट्रकचा हॉर्न ऐकला की त्याची मूठ आवळायची.

आई-बाळाच्या नात्याचा अभ्यास करणाऱ्या मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांच्या प्रयोगात आई खोलीबाहेर गेली तरी काही बाळं शांतपणे खेळत राहिली, आई परतल्यावरही तिच्याकडे वळली नाहीत. पुढे १९७७ च्या सुमारास अशा बाळांच्या हृदयाचे ठोके मोजले, तर ते वाढलेले! मोठेपणीही काहींचं असंच होतं. आधार मागायचा नाही हे त्यांच्या लहानपणीच अंगवळणी पडलेलं असू शकतं. उलट काहीजण घरच्यांना क्षणभर सोडत नाहीत. ते नाटक नसतं, त्यांनाही भीतीच वाटत असते.

भावाला मी प्रश्न विचारणं थांबवलं. रोज संध्याकाळी त्याच्याजवळ बसून नुसत्या शेंगा सोलायचे. तिसऱ्या आठवड्यात तो आपणहून बोलला, "ताई, तो ट्रक अजून दिसतो गं."

महिना उलटूनही झोप उडत असेल, रस्ता टाळावासा वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना जरूर भेटा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, मराठीतही बोलता येतं.