कोकणातून खानदेशात बदली: मोजक्या कपड्यांत वर्ष कसे निभवावे?

प्रश्न (नवी_बदली):
माझी रत्नागिरी जिल्ह्यातून शिरपूर तालुक्यातील (जि. धुळे) जिल्हा परिषद शाळेत बदली झाली असून जूनमध्ये रुजू व्हायचे आहे. गावात मिळालेल्या खोलीत एका लहान लोखंडी कपाटापुरतीच जागा आहे, कपडे हातानेच धुवावे लागतील आणि शाळेत दुचाकीवरून जायचे आहे. मार्च 2024 च्या शासन निर्णयाप्रमाणे शिक्षिकांनी साडी किंवा सलवार-कुर्ता व ओढणी वापरणे अपेक्षित आहे. जीन्स, टी-शर्ट आणि गडद रंगाचे किंवा भडक नक्षीचे कपडे टाळायचे आहेत. शाळा, प्रवास, सणवार आणि लग्नकार्य या सगळ्याला पुरतील असे थोडेच, पण एकमेकांशी जुळणारे कपडे कसे निवडावेत? तिकडची हवा मला अजिबात परिचयाची नाही, म्हणून तिथे राहणाऱ्यांचे मत हवे आहे.

उत्तर (भुसावळकर):
ताई, सुरुवात रंगापासून न करता हवेपासून करा. आमच्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो, पण हवा कोरडी असल्यामुळे घाम लगेच वाळतो. म्हणूनच इथली जुनी माणसे भर उन्हात अंगभर, सैल सुती कपडे घालतात आणि ते अगदी योग्य आहे. सूत हवेतला ओलावा आपल्या वजनाच्या सुमारे साडेआठ टक्के धरून ठेवते, तर पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. दुकानात दोन्ही कुर्ते सारखेच मऊ लागतात. फरक कळतो तो दुपारच्या तासाला.

दुसरे म्हणजे कोकणात पावसाळ्यात कपडे दिवसेंदिवस वाळत नाहीत, म्हणून जास्त जोड ठेवावे लागतात. इथे उन्हाळ्यात सकाळी वाळत घातलेला कुर्ता जेवणाच्या वेळेपर्यंत कडक वाळतो. त्यामुळे पाच कुर्ते, तीन सलवारी आणि तीन ओढण्या रोजच्या शाळेला पुरेशा आहेत, मात्र कोणतीही ओढणी कोणत्याही कुर्त्यावर शोभली पाहिजे. थंडीला कमी लेखू नका. धुळे जिल्ह्यात डिसेंबर-जानेवारीत पहाटेचे तापमान एक आकडी होते, म्हणून कुर्त्यावर चढेल असे समोरून उघडे एक लोकरी जाकीट हवेच.

उत्तर (सुईदोरा, अमळनेर):
मी शिवणकाम करते, त्यामुळे माझा आग्रह कापड घेऊन शिवून घेण्याचा आहे. सलवारींचे कापड एकाच ताग्यातून एकदम घ्या, कारण पुढच्या वेळी तोच रंग तंतोतंत मिळेलच असे नाही. सुती कापड शिवण्याआधी रात्रभर साध्या पाण्यात भिजवून, न पिळता सावलीत वाळवा. जे आटायचे ते तेव्हाच आटते आणि शिवलेला कुर्ता पुढे काखेत घट्ट होत नाही. शिंप्याला दोन्ही बाजूंच्या शिवणीत आत एक-एक इंच मार्जिन सोडायला सांगा. अंग थोडे सुटले की तीच शिवण उसवून कुर्ता सैल करता येतो, नवा घ्यावा लागत नाही. उजव्या बाजूच्या शिवणीत खिसा अवश्य ठेवा. दुचाकीची किल्ली आणि खडू दोन्ही त्यात राहतात.

सुरतेचा माल आपल्या बाजारात भरपूर येतो आणि त्यात ‘कॉटन’ म्हणून मिसळीचे कापडही खपवले जाते. कडेचा एक धागा ओढून जाळून पाहा. सूत कागदासारखे जळते आणि त्याची मऊ राखाडी राख होते. पॉलिस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. रंग पक्का आहे का, हे पाहायला ओला पांढरा रुमाल कापडावर जोरात घासावा.

उत्तर (तापीकाठ):
वरच्या दोन्ही उत्तरांशी सहमत आहे, फक्त पांढरा आणि मोतिया रंग रोजच्यासाठी घेऊ नका, असे मी आवर्जून सांगेन. गावात बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही आणि पांढरे कपडे काही महिन्यांत मळकट दिसू लागतात. काळ्या मातीचा चिखलही लवकर निघत नाही. केळीच्या बागेतून जाणे-येणे असेल तर चिकाचा डाग आधी दिसतही नाही, मग तपकिरी पडतो आणि कायमचा राहतो. फिकट पिस्ता, राखाडी-निळा, मातकट गुलाबी हे रंग नियमातही बसतात आणि मळही झाकतात.

साड्या चार पुरेत, पण विचारपूर्वक. आखाजी (अक्षय्य तृतीया), कानबाई (श्रावणातला देवीचा उत्सव) आणि उन्हाळ्यातली लग्ने इथे मोठ्या उत्साहाने होतात, आणि त्या उकाड्यात भरजरी साडी अंगावर ठरत नाही. त्यासाठी महेश्वरी उत्तम; तिचा उभा धागा रेशमाचा आणि आडवा सुताचा असतो, त्यामुळे ती लग्नातही शोभते आणि शाळेच्या कार्यक्रमातही. ही साडी जिथे विणतात ते मध्य प्रदेशातले महेश्वर शिरपूरहून फार लांब नाही. आग्रा रोडने सेंधव्याकडून जाता येते, तेव्हा विणकरांकडे प्रत्यक्ष पाहून घेता येईल. चारही साड्यांना चालतील असे दोनच ब्लाउज शिवा, एक सोनेरी मातकट आणि एक गडद मरून. इतक्या ब्लाउजांवर चार साड्या सहज निघतात.

नवी_बदली:
सर्वांचे मनापासून आभार. धागा जाळून पाहण्याची युक्ती मला माहीत नव्हती. एकच शंका उरते: दुचाकीवर ऊन लागू नये म्हणून वेगळा स्कार्फ घ्यावा, की ओढणीनेच भागेल?

सुईदोरा:
ओढणीनेच भागते, मात्र ती पातळ मलमलची आणि पूर्ण अडीच मीटर लांब घ्या. सव्वादोन मीटरची ओढणी डोके-तोंड झाकल्यावर मानेमागे पुरत नाही, आणि शिफॉनची वाऱ्याने सतत घसरत राहते. गाडीवर बसण्यापूर्वी दोन्ही टोके मागे घेऊन गाठ मारा, म्हणजे पदर चाकाकडे जाणार नाही.