‘कॉस्मिक हॉरर’ला मराठीत काय म्हणावं?

टिळकवाडीकर: बेळगावात आम्ही काही मंडळी ‘मास्क्स ऑफ न्यार्लाथोटेप’ खेळायला घेतोय (न्यार्लाथोटेप ही लव्हक्राफ्ट या भयकथालेखकाच्या कथांतली एक शक्ती). ‘कॉल ऑफ कथुल्हू’ या टेबलाभोवती बसून, फासे टाकत पात्रं वठवायच्या खेळासाठी केऑसियम कंपनीने १९८४ साली काढलेलं हे कॅम्पेन, म्हणजे अनेक बैठकांत चालणारी सलग कथा. काळ १९२५चा, न्यूयॉर्कहून लंडन, कैरो, केनिया, शांघाय अशी भटकंती. टेबलाभोवती काही कन्नड शाळेतले, काही मराठी, पण बोलणं सगळं मराठीतच. पत्रकं मराठीत करायला बसलो आणि पहिल्याच ओळीला अडलो. कॉस्मिक हॉररला, म्हणजे माणसाची पर्वाच नसलेल्या विश्वातल्या शक्तींच्या भीतीला, ‘वैश्विक भय’ लिहिलं, तर एकजण म्हणाला, “जगभर साथ पसरलीय काय?” कॅम्पेन, कीपर (खेळ चालवणारा) आणि सॅनिटी (पात्राचं मन किती शाबूत, त्याचे गुण) यांनाही शब्द हवेत.

निपाणीकर: कॅम्पेनला ‘मोहीम’ नको. या कथेत कार्लाईल मोहीम आहेच, केनियात मारली गेली असं जाहीर झालेली. आपल्या मोहिमेत त्यांची मोहीम, कोण कुणाला शोधतंय कळायचं नाही. ‘प्रचार’ म्हटलं तर भोंगा लावलेली रिक्षा आठवते. कॅम्पेनच राहू दे की.

खानापूरची: कीपरला कुणीतरी ‘राखणदार’ सुचवेल, त्याआधीच सांगते, नको. आमच्याकडं राखणदार म्हणजे शिवार सांभाळणारा. त्याला नारळ द्यावा लागतो. ‘सूत्रधार’ म्हणा. गोष्टही सांगतो, मधली पात्रंही वठवतो. अण्णासाहेब किर्लोस्करांचं गुर्लहोसूर आपल्याच जिल्ह्यातलं, तेव्हा शब्द घरचाच आहे.

नारळावरूनच पुढचं. आपल्या भुताखेतांना काहीतरी हवं असतं. मुंजाची इच्छा राहिलेली असते, कुणाला कोंबडा हवा असतो. दिलं की सुटका. लव्हक्राफ्टच्या शक्तींना माणसाकडून काहीच नको असतं, म्हणून तडजोडही होत नाही. ‘भयकथा’ म्हटलं की वाचक नारळ शोधू लागतो.

निपाणीकर: मग गीतेचा अकरावा अध्याय घ्या ना. ‘विश्वरूपदर्शन’!

शहापूरकर: जवळ जातं, पण नाही. अर्जुन घाबरून विनवतो आणि देव पुन्हा सौम्य रूप घेतो. तिथं ऐकणारा कुणी आहे. इथं हाक पोचतच नाही. (‘विराट’ही नको, त्यावर आता क्रिकेटचा हक्क.)

‘अगम्य’ हा शब्द कुणी आणेलच. तो तर नेमका उलटा. या खेळाचा नियम बघा: एका झटक्यात सॅनिटीचे ५ किंवा जास्त गुण गेले की बुद्धीचा फासा टाकायचा. तो *जिंकला* तर माणूस तात्पुरता वेडा होतो, कारण समोर काय आहे ते त्याला उमगलं. हरला तर वाचला! शिवाय मिथॉसचं, म्हणजे या शक्तींबद्दलचं, ज्ञान जितके टक्के, तितके ९९मधून वजा केले की उरते ती सॅनिटीची कमाल मर्यादा. म्हणजे भीती न कळण्याची नाही, कळण्याची आहे.

माझं मत ‘धसका’. भय वाटतं, धसका आपण घेतो. ज्यानं घेतला त्याला पुढं साध्या आवाजानंही दचकायला होतं. ‘विश्वाचा धसका’ असं मोकळं लिहा, समास करू नका. ‘विश्वधसका’ म्हणजे औषधाचं नाव वाटेल.

खानापूरची: धसका पटला. सॅनिटीला ‘मनःस्वास्थ्य’ लिहाल तर दवाखान्याची पाटी होईल, आणि ‘शुद्ध’ हरपली म्हणजे माणूस पडलाच. ‘भान’ घ्या. भान सुटलं, भानावर आला, क्रियापदं तयार आहेत.

निपाणीकर: पण भजनातही भान हरपतं की. ते चांगल्या अर्थानं.

खानापूरची: असू दे. या कथेतले पंथवालेही भान हरपूनच नाचतात, त्यांना ते चांगलंच वाटतं.

टिळकवाडीकर: भान पक्कं. तात्पुरत्या वेडाला आमच्या टेबलावर ‘हुच्च’ आधीच रुळलंय, दोन्ही भाषांत चालतं. आता राहिलं नाव. ‘मास्क्स’ म्हणजे मुखवटे की सोंगं? सोंगी भजनामुळं मला सोंगं बरं वाटतंय.

शहापूरकर: सोंग उतरलं की आत आपला शेजारी निघतो. इथं आत माणूस नाही. शहरागणिक वेगळा पंथ न्यार्लाथोटेपचं वेगळं रूप पुजतो, आणि प्रत्येक रूप तोच असतो. आपण पालखीत देवीचा मुखवटा ठेवतो, तेव्हा त्यामागं कोण आहे असं विचारतो का? ‘मुखवटे’च लिहा.