डी ड्राइव्हवरची कॉपी

*ए-४०२ काका:* नमस्कार मंडळी. माझ्या कॉम्प्युटरवर गाण्यांचा नुसता पसारा झालाय. नाट्यपदं, भावगीतं, जुनी हिंदी, शिवाय कॅसेटवरून उतरवलेल्या बैठका. निम्म्या फायलींची नावं ‘ट्रॅक ०१’, ‘ट्रॅक ०२’. एकगठ्ठा बदलता येतात का? आणि हो, हल्ली कॉम्प्युटर लावला की आतून टकटक येते. पंखा असावा.

*बी-७०१:* काका, नावांचं राहू द्या. टकटक कशी? थांबून थांबून? आणि फोल्डर उघडायला वेळ लागतो?

*ए-४०२ काका:* हो, अगदी तस्संच.

*बी-७०१:* मग पंखा नव्हे, बहुतेक हार्ड डिस्क. आत्ताच्या आत्ता बंद करा.

*ए-४०२ काका:* घाबरवू नकोस रे. सगळ्याची एक कॉपी डी ड्राइव्हवर आहे. मी कच्चा नाही 😄

*बी-७०१:* डबड्यात डिस्क किती?

*ए-४०२ काका:* एकच. १ टीबीची.

*बी-७०१:* म्हणजे सी आणि डी एकाच डिस्कचे दोन भाग. ती गेली की दोन्ही गेले. चुकून काही डिलीट झालं तर डीवरची कॉपी कामाला येईल, त्यापुढे नाही.

*सी-१०३ काकू:* अगं बाई! आमचे लग्नाचे फोटो पण डीवरच आहेत 😳

*ए-२०४:* गुगल ड्राइव्हवर टाका ना काका, फुकट आहे.

*बी-७०१:* फुकट १५ जीबी, तेही जीमेल आणि फोटो धरून. काका, एकूण किती आहे तुमचं?

*ए-४०२ काका:* काल पाहिलं तेव्हा २१० जीबी.

*डी-३०२:* एवढं सांभाळायचं कशाला पण? सगळं ऑनलाइन मिळतं. नाव टाका, ऐका.

*ए-४०२ काका:* आमच्या चाळीच्या गणपतीतली बैठक काढून दाखव मला ऑनलाइन. मागे कुणाचं तरी पोर रडतंय त्यात, तेही ऐकव.

*बी-७०१:* 😂 काका, त्यांचं म्हणणं अर्धं बरोबर आहे, आणि तेच आपल्या कामाचं आहे. २१० जीबीतलं बरंचसं पुन्हा मिळेल. बैठका, घरातले आवाज, कुणी हाताने रेकॉर्ड करून दिलेलं, ते मिळणार नाही. म्हणून डिस्क परत चालू करायची ती फक्त कॉपी करायला. स्कॅन नाही, डीफ्रॅग नाही, आवरासावर तर नाहीच. बाहेरची नवी डिस्क जोडायची, पहिल्यांदा बैठकांचं फोल्डर, मग बाकीचं. आणि ‘कट’ नव्हे, ‘कॉपी’. डिस्क मध्येच मान टाकेल तेव्हा निदान जे परत मिळणार नाही ते बाहेर आलेलं असेल. ते झालं की दुसऱ्या डिस्कवर तेच पुन्हा, आणि ती मुलीकडे ठेवायला द्या. दोन्ही डिस्का एकाच कपाटात ठेवून चोरी झाली तर काय उपयोग? बैठका तेवढ्या क्लाउडवरही चढवा, त्या १५ जीबीत बसल्या तर.

*ए-२०४:* सिंक करणारं सॉफ्टवेअर टाकलं तर आपोआप होत राहील की.

*बी-७०१:* होईल, आणि इथे उडालेली फाइल तिथूनही आपोआप उडेल. ते सेटिंग बघून मगच.

*सेक्रेटरी:* सर्वांना विनंती, उद्या टाकी साफ होणार आहे, सकाळी १० ते १ पाणी येणार नाही. चर्चा चालू द्या.

*ए-६०३ ताई:* नावांबद्दल मी सांगते, कारण मी हे भोगलंय 🙏 काका, फायलीचं नाव आणि टॅग (फायलीच्या आत लिहिलेली गायक, अल्बम वगैरे माहिती) वेगवेगळे. प्लेअर सहसा टॅग वाचतो. एमपी३टॅग नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यात शंभर फायली एकदम निवडून गायक, अल्बम, साल भरता येतं, मग त्यावरूनच फायलींची नावं बनवता येतात. म्यूझिकब्रेन्झ पिकार्ड गाण्याच्या आवाजावरून ओळखून आपोआप भरतं. छापील सीडी असेल तर बरेचदा जमतं, तुमच्या चाळीची बैठक ते कुठून ओळखणार? तिथे हातानेच.

सिनेमाच्या गाण्यांत ‘अल्बम आर्टिस्ट’चा रकाना भरायला विसरू नका. नाहीतर काही प्लेअर एका सिनेमाचे गायकांगणिक चार तुकडे करतात. मी तिथे संगीतकाराचं नाव टाकते. शास्त्रीयला शीर्षकात राग आणि बंदिश, अल्बममध्ये जागा आणि साल, कॉमेंटमध्ये तबला-पेटीला कोण. रागाचं स्पेलिंग एकदाच ठरवा. माझ्याकडे एकच यमन तीन तऱ्हेने लिहिलेला होता.

*ए-४०२ काका:* मराठीत लिहिलं तर चौकोन दिसतात गं.

*ए-६०३ ताई:* जुना टॅग असणार. त्या जुन्या पद्धतीत फाइलच्या शेवटी १२८ बाइट्सची जागा, शीर्षकाला ३० अक्षरं, देवनागरीची सोयच नाही. सेटिंगमध्ये नव्या पद्धतीचा टॅग, म्हणजे आयडी३ व्ही२.३, यूटीएफ-१६ निवडा, त्यात देवनागरी बसते. गाडीतल्या प्लेअरवर तरीही चौकोन येऊ शकतात, तो दोष गाडीचा 😅 गंमत म्हणजे १९०२ साली कलकत्त्यात रेकॉर्डिंग झालं तेव्हा गायिका गौहर जान गाण्याच्या शेवटी इंग्रजीत स्वतःचं नाव सांगायच्या. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत हानोव्हरला, तिथल्या माणसांना कळायला हवं ना कोण गातंय. टॅग तेव्हाही शेवटीच!

*डी-३०२:* हे भारी आहे 👏

*ए-४०२ काका:* बैठका एमपी३मध्ये आहेत. भाचा म्हणतो फ्लॅक कर (आवाजातलं काही न गाळता साठवणारी फाइल), आवाज सुधारेल.

*बी-७०१:* नाही सुधारणार. एमपी३ बनताना जे गेलं ते गेलं, आता फक्त फाइल फुगेल. कॅसेटी आहेत का अजून?

*ए-४०२ काका:* माळ्यावर, बुटाच्या खोक्यात.

*बी-७०१:* मग त्या पुन्हा उतरवायच्या आणि थेट फ्लॅक करायच्या. ९० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जाला साधारण ९५० एमबी होते, फ्लॅकमध्ये ढोबळमानाने निम्मी. टेप डेक कुणाकडे आहे?

*सी-१०३ काकू:* आमच्याकडे आहे, चालू आहे. पण आधी माझे फोटो कॉपी करून द्यायचे 😌

*बी-७०१:* ठरलं. काका, मी संध्याकाळी डिस्क घेऊन येतो. तोवर बटणाला हात लावू नका.